चांगला हात बांधून ठेवा

आत्याला पक्षाघाताचा झटका येऊन चार महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती. पाय बऱ्यापैकी सुधारला, काठी घेऊन ती अंगणापर्यंत जायची. हात मात्र मांडीवर पडून असायचा, कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच सांगायचा, "मन खंबीर ठेवा, इच्छाशक्ती पाहिजे, सगळं ठीक होईल." आत्या मान हलवायची आणि डाव्या हातानं चहाचा कप उचलायची.

मग एक नवीन फिजिओथेरपिस्ट यायला लागली. वयानं तरुण, बोलायला मोजकी. तिनं आल्या आल्या पिशवीतून बोटं वेगळी नसलेला एक जाड हातमोजा काढला आणि आत्याच्या डाव्या, म्हणजे चांगल्या हातात चढवला. आत्या भडकली. "अगं, एक तर हात उरलाय, तोही बांधतेस?" ती मुलगी म्हणाली, "काकू, हा मोकळा असेपर्यंत तो दुसरा काही करणार नाही."

मला तेव्हा हे क्रूर वाटलं होतं. नंतर मी या उपचाराविषयी मिळेल ते वाचून काढलं. आजारी माणसाला धीर देण्याची आपली सगळी भाषा मला तेव्हापासून वेगळी दिसायला लागली.

१८९५ साली इंग्लंडमध्ये मॉट आणि शेरिंग्टन या दोन शास्त्रज्ञांनी माकडांवर एक प्रयोग केला. हाताकडून मेंदूकडे संवेदना नेणाऱ्या नसा मज्जारज्जूत शिरतात, तिथेच त्यांनी त्या तोडल्या. मेंदूकडून हाताकडे हुकूम नेणाऱ्या नसांना हात लावला नाही. म्हणजे हाताला स्पर्श कळणार नव्हता, पण हलवायची यंत्रणा शाबूत होती. तरी माकडांनी तो हात वापरणं सोडून दिलं. निष्कर्ष सरळ निघाला, की संवेदना नसेल तर हालचाल होत नाही. शेरिंग्टन यांना पुढे १९३२ साली नोबेल मिळालं, आणि इतक्या मोठ्या माणसाचं म्हणणं कित्येक दशकं तसंच मानलं गेलं.

एडवर्ड टॉब हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. प्राणी सवयी कशा लावून घेतात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी तोच जुना प्रयोग पुन्हा हाती घेतला आणि एक साधा बदल केला. माकडाचा चांगला हात बांधून ठेवला. खायचं तर दुसऱ्या हातानंच, अशी वेळ आल्यावर माकडानं तो 'निकामी' हात पुढे केला. ओबडधोबड, पण केला. दोन्ही हातांच्या नसा तोडल्या तर आणखी नवल घडलं. एकाच हाताच्या तोडल्यावर माकड तो हात वापरत नव्हतं, आणि दोन्हींच्या तोडल्यावर मात्र दोन्ही वापरत होतं. टेकायला चांगला हातच उरला नव्हता ना.

यातून टॉब यांनी जो उलगडा केला, तो मला फार मोलाचा वाटतो. नसा तोडल्यावर सुरुवातीचे काही महिने मज्जारज्जूला धक्का बसलेला असतो. त्या काळात हात खरोखरच हलत नाही. माकड प्रयत्न करतं, पडतं, हातातला घास सांडतो. प्रत्येक प्रयत्नाला शिक्षा. दुसऱ्या हातानं केलं की काम होतं, म्हणजे बक्षीस. काही दिवसांत माकड धडा शिकतं, की या हाताच्या नादी लागायचं नाही. पुढे धक्का ओसरतो, हातात पुन्हा काही बळ येतं. पण आता प्रयत्नच होत नसल्यामुळे ते माकडाला कधी कळतच नाही. टॉब यांनी याला 'लर्न्ड नॉन-यूज' असं नाव दिलं. न वापरण्याची शिकून घेतलेली सवय, असं मराठीत म्हणता येईल.

हे खरं की नुसती कल्पना, हे तपासायलाही त्यांनी नामी युक्ती काढली. काही माकडांचा त्यांनी अधू हातच शस्त्रक्रियेनंतर तीन महिने बांधून ठेवला. धक्क्याच्या काळात त्या हातानं प्रयत्नच करता येईना, त्यामुळे हरण्याची संधीही मिळाली नाही. तीन महिन्यांनी सोडल्यावर त्या माकडांनी तो हात वापरला. जी हरली नव्हती, ती हरायला शिकलीही नव्हती.

या संशोधनाची एक काळी बाजू आहे आणि ती झाकून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. १९८१ साली मेरीलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या टॉब यांच्या प्रयोगशाळेवर पोलिसांचा छापा पडला. १७ माकडं ज्या घाणीत आणि ज्या अवस्थेत सापडली, ते पाहून अमेरिका हादरली. टॉब यांच्यावर खटला चालला, ते दोषी ठरले आणि १९८३ मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल रद्द केला. प्रयोगातल्या प्राण्यांना कसं वागवावं, याचे अमेरिकेतले कायदे त्यानंतर कडक झाले. आज पक्षाघाताचे रुग्ण ज्या उपचारानं हात उचलतात, त्यात त्या मुक्या जिवांच्या यातना आहेत. त्यांची आठवण ठेवणं एवढं तरी आपल्याकडून व्हायला हवं.

१९८६ मध्ये टॉब अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम इथल्या शाखेत गेले आणि माकडांचं सोडून माणसांकडे वळले. पक्षाघातात नसा तुटत नाहीत, मेंदूचा एखादा भागच, बहुतेक वेळा रक्तपुरवठ्यावाचून, मरतो. पण पुढची कहाणी तीच. आजूबाजूचा सुजलेला, गडबडलेला मेंदू पहिले काही आठवडे गप्प असतो. रुग्ण त्याच काळात धडपडतो, पेला पाडतो, शर्टाच्या गुंडीशी झटून रडकुंडीला येतो. घरची माणसं मायेनं म्हणतात, "राहू दे, मी देते लावून." आपल्याकडे माया जरा जास्तच. मराठीत आपण 'हात गेला' म्हणतो. बऱ्याच जणांचा थोडा हात उरलेला असतो. तो उरलाय हे ना त्यांना ठाऊक असतं, ना घरच्यांना.

टॉब यांच्या उपचाराला 'कन्स्ट्रेंट इंड्यूस्ड मूव्हमेंट थेरपी' म्हणतात. मूळ स्वरूपात तो दोन आठवड्यांचा असतो. जागेपणीच्या ९० टक्के वेळात चांगल्या हातावर हातमोजा, आणि आठवड्यातले पाच दिवस रोज सहा तासांपर्यंत अधू हाताचा सराव. मोजा घालून नुसतं बसून राहिलं तर मात्र काही होत नाही. खरं काम सरावात असतं, आणि तो सराव ज्या पद्धतीनं रचलेला असतो त्यात.

आमच्या घरातलं सांगतो. पहिल्या दिवशी ताटात पाच अक्रोड ठेवले आणि ते हातानं नुसते ढकलायचे. उचलायचे नाहीत. आत्यानं पाचपैकी दोन ढकलले. ती मुलगी म्हणाली, "दोन झाले. वीस सेकंद लागली." तिनं शाबासकी दिली नाही, फक्त आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी तेच, मग थोडं दूर ठेवून. चौथ्या-पाचव्या दिवशी अक्रोड मुठीत यायला लागला, मग तो वाटीत टाकायचा. मग सुपारी, मग छोले, मग कपडे वाळत घालायचे चिमटे दोरीवर लावायचे. चिमट्याला तर्जनी आणि अंगठा दोन्ही लागतात, तिथे आठवडा गेला. प्रत्येक पायरी अशी बेतलेली की ती जवळजवळ जमणार, पण अगदी सहज नाही. ही पायरी ठरवणं हीच त्या मुलीची खरी कला होती. एखादी गोष्ट सलग तीनदा फसली की ती न बोलता सोपी करायची. हरण्यातून शिकलेली सवय मोडायची असेल तर हरण्याचे प्रसंगच कमी करावे लागतात, हे तिला बरोब्बर माहीत होतं.

अमेरिकेत २००६ साली या उपचाराची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तिच्यात होते. हाताची ठरावीक कामं करायला उपचार घेतलेल्यांना सुरुवातीला सरासरी १९.३ सेकंद लागत होती, वर्षभरानंतर ९.३ लागली. नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्या गटाची वेळ २४ सेकंदांवरून १७.७ वर आली. त्यांचीही सुधारणा झाली, पण टक्क्यांत पाहिलं तर निम्मी. त्याआधी, २००० साली, १३ रुग्णांच्या मेंदूची उपचाराआधी आणि नंतर तपासणी झाली होती. अधू हाताच्या स्नायूला हुकूम देणारं मेंदूतलं क्षेत्र उपचारानंतर जवळजवळ दुप्पट झालेलं आढळलं. नकाशावर एखाद्या गावाची हद्द वाढावी, तसं.

मेंदूत अशी हद्द हलू शकते, हे त्याच सिल्व्हर स्प्रिंगच्या माकडांमुळे १९९१ मध्ये कळलं होतं. नसा तुटून बारा वर्षं होऊन गेलेल्या त्या माकडांच्या मेंदूत हाताचा प्रदेश ओसाड पडलेला नव्हता. शेजारच्या चेहऱ्याच्या प्रदेशानं तो एक सेंटिमीटरहून जास्त अंतरापर्यंत व्यापला होता. एवढी उलथापालथ प्रौढ मेंदूत होऊ शकते, असं तेव्हा फारसं कुणी मानत नव्हतं. वापरात नसलेली जागा मेंदूत पडून राहत नाही, आणि वापर सुरू झाला की ती काही प्रमाणात परत मिळवता येते.

आता त्या 'इच्छाशक्ती पाहिजे'कडे येतो. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण तिघांतला एक जण नैराश्यात जातो. अशा माणसाला मन खंबीर ठेवायला सांगणं म्हणजे ताप आलेल्याला अंग थंड ठेव म्हणण्यासारखं आहे. आणि हात सुधारला नाही, तर तो दोषही त्याच्याच मनाच्या माथी येतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

१९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांना असं दिसलं, की काही केलं तरी न थांबणारे विजेचे झटके सोसलेले कुत्रे, पुढे सुटकेची वाट समोर असतानाही बहुतेक वेळा जागचे हलत नाहीत. याला 'शिकलेली असहायता' म्हणतात, आणि हे अनेक पुस्तकांत आहे. त्या कुत्र्यांना बरं कसं केलं, हे त्या मानानं कमी सांगितलं जातं. हाका मारून फारसा उपयोग झाला नाही. शेवटी गळ्यात दोरी घालून त्यांना पुन्हा पुन्हा ओढत सुरक्षित बाजूला न्यावं लागलं. बऱ्याच खेपा झाल्यावर ते आपणहून उठायला लागले. आधी पाय हलले, उमेद मागून आली.

पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी आपला जुना निष्कर्ष स्वतःच दुरुस्त केला. संशोधकाच्या आयुष्यात याहून मोठी गोष्ट क्वचितच असते. मधल्या काळात मायर मेंदूविज्ञानाकडे वळले होते. त्यांना उंदरांच्या मेंदूत दिसलं, की दीर्घ त्रासापुढे हातपाय गाळणं ही मुळातलीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. मेंदूच्या खोडातला एक भाग ती आपोआप चालू करतो. कपाळामागचा एक भाग, 'आपण काही केलं की फरक पडतो' हे एकदा टिपू लागला, की त्या खोडातल्या भागाला आवरतो. म्हणजे शिकावी लागते ती असहायता नव्हे, शिकावा लागतो तो ताबा. आणि तो सांगून शिकता येत नाही, करूनच शिकावा लागतो. अक्रोड ढकलला, तो सरकला. पंधरा सेकंद लागली, काल वीस लागली होती. मेंदूला पटतो तो असला पुरावा.

या उपचाराच्या मर्यादा स्पष्ट आहेत. मनगट आणि बोटं थोडी तरी आपणहून उघडता यायला हवीत. हात पूर्ण लुळा असेल तर मूळ स्वरूपात हा उपचार लागू पडत नाही. झटक्यानंतर लगेच घाई करणंही बरं नाही. पहिल्या काही दिवसांतच जास्त मात्रेत तो दिलेल्यांची प्रगती उलट कमी झाली, असं २००९ च्या एका चाचणीत दिसलं. रोज सहा तास थेरपिस्ट कुठल्या सामान्य घराला परवडणार? जर्मनीत घरच्यांच्या मदतीनं हा उपचार करून पाहिला, १५६ रुग्णांवर. त्यांचा रोजच्या जगण्यातला हाताचा वापर सुधारला, पण कामाच्या वेगात इतर उपचार घेतलेल्यांपेक्षा फारसा फरक पडला नाही. आणि हे वाचून कुणी घरातल्या आजारी माणसाचा हात परस्पर बांधू नये. जिना, न्हाणीघर, गॅस, गरम पाणी इथे चांगला हात मोकळाच हवा, आणि मोजा रुग्णाला स्वतःला चटकन काढता यायला हवा. हे सगळं जाणकार फिजिओथेरपिस्टनं ठरवायचं.

आत्याचा उपचार दोन आठवड्यांत संपला नाही, दोन महिने हळूहळू चालला. रोज रात्री एक वही लिहायची होती. आज उजव्या हातानं काय काय केलं आणि कसं जमलं, शून्य ते पाच. सुरुवातीच्या पानांवर माझं अक्षर आहे. ती सांगायची, मी लिहायचो. दाराची कडी, एक. उशी सरकवली, दोन. देवापुढे फूल ठेवलं, दोन, पण पडलं. पानं उलटत गेलं की मधेच अक्षर बदलतं. मोठं, थरथरतं, ओळ सोडून खाली उतरत गेलेलं. त्या पानावर तिनं स्वतः, उजव्या हातानं लिहिलंय: "आमटीत मीठ घातलं. जास्त पडलं. तीन."