लतादीदींची २५ हजार गाणी? खुलासा

लता मंगेशकरांनी २५ हजार, कुणी म्हणतं ३० हजार गाणी गायली, हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. हा आकडा १९७४ च्या गिनीज बुकातून पसरला: १९४८ ते १९७४ या काळात किमान २५ हजार. मोहम्मद रफींनी १९७७ मध्ये हरकत घेतली, पण त्यांचा स्वतःचा दावा २८ हजारांच्या आसपासचा होता! गिनीजने पुढे ही नोंद काढली.

साधा हिशेब करा. २६ वर्षांत २५ हजार म्हणजे सुट्टी न घेता रोज अडीचहून जास्त गाणी. त्या काळी अख्खा वाद्यमेळ गायिकेबरोबरच वाजायचा. एखादं व्हायोलिन चुकलं की गाणं पहिल्यापासून. असं एक गाणं व्हायलाच कित्येकदा अख्खा दिवस जाई. संग्राहकांनी एकेक गाणं मोजलं, तेव्हा दीदींची हिंदी चित्रपटगीतं पाच हजारांच्या घरात भरली. इतर भाषा धरल्या तरी २५ हजार होत नाहीत.

नाव मोठं झालं की आकडे फुगतात, कुणी तपासत नाही. मला त्याचं वाईट वाटतं. रीटेकमागून रीटेक देत उभं राहणाऱ्या बाईची मेहनत त्या फुगीर आकड्यात दिसतच नाही.