बसच्या राहत्या गाडीला मागचा डेक बसवण्यासाठी आरटीओची परवानगी : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

तोरणमाळ किंवा पाटणादेवीच्या सहलींसाठी जुन्या बसचे राहत्या गाडीत रूपांतर करून मागच्या बाजूला लोखंडी डेक (बसण्या-उठण्याचा उघडा ओटा) बसवायचा असेल, तर वेल्डिंगच्या आधी परवानगीचा विचार करावा. आर.सी.वरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळे होतील असा बदल मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार मालकाला परस्पर करता येत नाही. डेकमुळे गाडीची लांबी आणि रिकामे वजन दोन्ही बदलत असल्याने तो याच कलमाच्या कक्षेत येतो.

पात्रता पाहताना सर्वप्रथम बस कोठून घेतली हे तपासावे. 15 वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय आणि राज्य परिवहन उपक्रमांच्या वाहनांच्या नोंदणीचे 1 एप्रिल 2023 पासून नूतनीकरण होत नाही, म्हणून अशी एसटी बस स्वस्तात मिळत असली तरी ती या कामाची नाही. खासगी बस घेतली असल्यास नमुना 29 व 30 भरून ती आधी स्वतःच्या नावावर करावी, आणि ती परराज्यातील असेल तर नमुना 28 मधील ना हरकत प्रमाणपत्रही आणावे.

सर्वाधिक अर्ज अडतात ते मापांवर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 93 प्रमाणे मागच्या आसाच्या (अ‍ॅक्सलच्या) मध्यापासून गाडीच्या शेवटच्या टोकापर्यंतचा भाग, म्हणजे ओव्हरहँग, व्हीलबेसच्या (पुढच्या व मागच्या आसांमधील अंतराच्या) 60 टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. व्हीलबेस 5.2 मीटर असल्यास ही मर्यादा 3.12 मीटर येते, आणि बहुतेक बसगाड्यांची बॉडीच या मर्यादेच्या इतकी जवळ गेलेली असते की कायमस्वरूपी डेकला हातभरही जागा उरत नाही. दोन आसांच्या बसची एकूण लांबीही 13.5 मीटरच्या आतच राहावी लागते. म्हणून बॉडीची मागची भिंत आत घेऊन मोकळ्या झालेल्या जागेत डेक बसवणे हाच मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. घाटातल्या वळणावर लांब शेपटी बाहेर फेकली जाते आणि चढाला लागताना तिचे टोक रस्त्याला घासते, हा धोका त्यामुळे टळतो. बिजागरीचा, उभा दुमडणारा डेक करायचा असल्यास दुमडलेल्या स्थितीत नंबर प्लेट, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर झाकले जाणार नाहीत याची खात्री फॅब्रिकेटरकडून आधीच करून घ्यावी. निरीक्षकाची नजर तिकडे गेल्याशिवाय राहत नाही.

अर्जासोबत आर.सी., चालू विमा, पीयूसी, लागू असल्यास फिटनेस प्रमाणपत्र, कर भरल्याची पावती, पत्त्याचा पुरावा, चेसिस क्रमांकाची पेन्सिल प्रिंट (क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा) आणि बॉडी बिल्डरने मापांसह काढलेला आराखडा तयार ठेवावा. गाडीवर कर्ज असल्यास वित्तपुरवठादाराची लेखी संमती लागते. रचनेला चाचणी संस्थेची मान्यता लागेल का, हे कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. अशी मान्यता देणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याच्या एआरएआय आणि सीआयआरटी यांचा समावेश होतो.

अर्ज परिवहन संकेतस्थळावर भरून शुल्क जमा करावे आणि गाडी आपल्या राहत्या जिल्ह्याच्या कार्यालयात, म्हणजे धुळे (एमएच 18), जळगाव (एमएच 19) किंवा नंदुरबार (एमएच 39) येथे तपासणीसाठी न्यावी. काम झाल्यावर वजनकाट्याची नवी पावती घेऊन आर.सी.वर बदलाची नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे, अन्यथा अपघातानंतर दाव्यात अडचण येऊ शकते. नियमात न बसणारा बदल केल्यास कलम 182अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

परवानगी मिळाली तरी डेकचा उपयोग गाडी उभी असतानाच करायचा आहे, कारण चालत्या गाडीत बॉडीच्या बाहेर माणूस बसवण्यास कलम 123 मनाई करते.