कर्करोगासारखी दिसणारी, रक्तवाहिन्यांची गाठ

कंबरदुखीसाठी काढलेल्या एमआरआयच्या अहवालात ‘मणक्यात हिमँजिओमा’ असं वाचलं की घरात काळजी सुरू होते. रक्तवाहिन्यांची ही गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. शवविच्छेदनांच्या पाहण्यांत सुमारे १० टक्के लोकांच्या मणक्यांत ती आढळली आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना हयातीत तिचा काहीच त्रास झाला नव्हता. मणका खचला नसेल, मज्जारज्जूवर दाब नसेल, तर तिला हात लावावा लागत नाही.

मात्र रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींपासून हाडात काही अगदी दुर्मीळ गाठीही होतात. त्यांतली एपिथेलिऑइड हिमँजिओएन्डोथेलिओमा, थोडक्यात ईएचई, निदान करणाऱ्याला हमखास चकवते. शॅरन वाइस आणि फ्रान्झ एन्झिंगर यांनी १९८२ मध्ये तिचं वर्णन केलं, तेव्हा ही गाठ अनेकदा कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या किंवा अवयवांच्या अस्तराच्या पेशींचा कर्करोग, समजली जाते, हे त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच लिहिलं होतं.

घोटाळा होतो तो असा. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीत धड रक्तवाहिन्या दिसतच नाहीत. गुबगुबीत पेशींच्या रांगा दिसतात, एखाद्या पेशीत छोटी पोकळी आणि तीत क्वचित लाल रक्तपेशी. केराटिन हे प्रथिन कार्सिनोमाची खूण मानलं जातं, पण तेही या पेशींत कधी कधी सापडतं. त्यात हाडातली ईएचई बऱ्याचदा एकाच वेळी अनेक ठिकाणी असते. अनेक हाडांना छिद्रं पडलेली पाहून फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग हाडांत पसरला असावा, असं वाटणं साहजिक आहे. मग मूळ गाठीचा शोध सुरू होतो आणि भलत्याच आजाराच्या केमोथेरपीचीही भीती असते.

म्हणून सीडी३१ आणि ईआरजी या रक्तवाहिनीच्या पेशींच्या खुणा तपासायलाच हव्यात. खरा उलगडा २०११ मध्ये झाला. बहुसंख्य ईएचईमध्ये १ आणि ३ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन डब्ल्यूडब्ल्यूटीआर१ आणि कॅम्टा१ ही जनुकं एकमेकांना जोडली जातात. कॅम्टा१ एरवी मुख्यतः मेंदूत काम करतं. हाडातल्या गाठीच्या पेशीकेंद्रकांत त्याचं प्रथिन रंगून दिसलं, तर ईएचईचा जवळजवळ खात्रीचा पुरावा मिळतो. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण साध्या रंगतपासणीतून रुग्णाच्या उपचाराची दिशाच बदलू शकते. यकृतातल्या ईएचईत तर एकाच रुग्णाच्या वेगवेगळ्या गाठींत जनुकं अगदी त्याच जागी तुटलेली आढळली, म्हणजे त्या सगळ्या एकाच पेशीच्या वंशातल्या होत्या.

हिची भावंडंही ओळखावी लागतात. एपिथेलिऑइड हिमँजिओमात फॉस या जनुकाची जोडणी बऱ्याचदा सापडते. ही गाठ सहसा खरवडून काढली की भागतं. अँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कर्करोग मात्र अतिशय आक्रमक असतो.

बायोप्सी कुठून घ्यायची, हे नंतर शस्त्रक्रिया करणाऱ्या हाडाच्या गाठींच्या सर्जननेच ठरवावं. सुई ज्या वाटेने जाते ती वाटही पुढे गाठीबरोबर काढावी लागू शकते. वाट चुकली तर हात-पाय वाचवण्याची शस्त्रक्रिया अवघड होते. मुंबईत परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात हाडांच्या गाठींसाठी स्वतंत्र तज्ज्ञगट आहे.

एकच गाठ असेल तर भोवतालच्या निरोगी भागासकट ती काढणं उत्तम. ते जमत नसेल तेव्हा रेडिओथेरपीचा विचार होतो. गाठी अनेक असून वाढत नसतील, तर काही काळ नुसती नजर ठेवणंही योग्य उपचार ठरतं; रुग्णाला ते पटवणं डॉक्टरांना जड जातं, पण काही रुग्णांत हा आजार वर्षानुवर्षं संथ राहतो. आजार वाढू लागला, तर सिरोलिमस हे औषध काही जणांत तो रोखून धरतं. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं आणि भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांनी कॅनडात ते वेगळं केलं होतं.

बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा, वर्षानुवर्षं टिकतो. जुन्या निदानाबद्दल शंका असेल, तर तोच ब्लॉक मागून घेऊन कॅम्टा१ची तपासणी आजही करता येते.