अल्प-फॉडमॅप आहार

लहान आतड्यात पुरती न शोषली जाणारी आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू झपाट्याने आंबवतात अशी काही कर्बोदके ठरावीक काळापुरती ताटातून काढायची, मग एकेक करून परत आणायची आणि आपल्याला काय सोसते, काय नाही हे पाहायचे, अशी आहारपद्धती. आयबीएस (इरिटेबल बाउल सिंड्रोम) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आतड्याच्या विकारात ती मुख्यतः वापरतात. पोटात कळ येणे, गुबारा धरणे, वारंवार जुलाब किंवा मलावरोध ही या विकाराची लक्षणे होत. दुर्बिणीतून पाहिले तर आतडे निरोगी दिसते. दुखणे मात्र खरे असते. फॉडमॅप या संज्ञेत ऑलिगोसॅकॅराइडे (गव्हातील व कांदा-लसणातील फ्रुक्टान, कडधान्यांतील गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकॅराइडे), दुधातील लॅक्टोज, ग्लुकोजच्या मानाने जास्त असलेले फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल, मॅनिटॉल यांसारखी पॉलिऑले येतात.

उगम : पदार्थ वगळून पोटाचे विकार आवरण्याची कल्पना या आहाराहून बरीच जुनी आहे. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी १९२४ मध्ये सीलिअ‍ॅक विकाराच्या (ग्लुटेन या गव्हातील प्रथिनाने लहान आतड्याला इजा होते तो) मुलांसाठी केळ्यांवर आधारलेला, पिष्टमय पदार्थ जवळजवळ वर्ज्य असलेला आहार मांडला. पुढे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात या विकाराचे मूळ गव्हाकडे दाखवले. हास यांच्या आहारावरची मुले सुधारली ती केळ्यांच्या गुणाने नव्हे, तर गहू सुटल्यामुळे, असे त्यानंतर मानले जाऊ लागले. तरीही हास यांच्या पद्धतीतून ‘विशिष्ट कर्बोदक आहार’ निघाला आणि एलेन गॉट्शॉल यांनी तो १९८० च्या दशकात सामान्य वाचकांपर्यंत नेला. फॉडमॅप आहाराची वंशावळ काही जण येथूनच सुरू करतात. दोन्ही आहारांचे नियम शेजारी ठेवले की हे मत टिकत नाही. विशिष्ट कर्बोदक आहारात मध, कांदा व लसूण चालतात, तांदूळ व बटाटा वर्ज्य असतात. फॉडमॅप आहारात याच्या नेमके उलट आहे.

खरे पूर्वसूरी दुसरीकडे सापडतात. केंब्रिज येथील अ‍ॅलन जोन्स आणि हंटर यांनी १९८२ मध्ये आयबीएसच्या २१ रुग्णांना निवडक पदार्थांवर ठेवले. त्यांपैकी १४ जणांच्या तक्रारी विशिष्ट पदार्थ खाल्ल्यावर उफाळतात असे त्यांना आढळले. याच सुमारास डेन्मार्कमधील रुमेसेन व गुडमंड-हॉयर हे फ्रुक्टोज व सॉर्बिटॉल एकत्र पोटात गेल्यास त्यांचे शोषण कितपत होते याचा अभ्यास करीत होते. लॅक्टोजविषयी तर त्याआधीपासून पुष्कळ माहिती होती. म्हणजे सुटे धागे हाताशी होते. वेगवेगळी वाटणारी ही द्रव्ये आतड्यात एकाच रीतीने वागतात आणि त्यांची बेरीज होते, हे सूत्र मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात जुळले. पीटर गिब्सन व सू शेफर्ड यांनी फॉडमॅप ही संज्ञा २००५ मध्ये छापली. तो लेख आयबीएसवर नव्हता. पाश्चात्त्य राहणीत क्रोन विकाराची (आतड्याच्या दीर्घकालीन दाहाची) प्रवणता का वाढते याचे एक गृहीतक म्हणून ती कल्पना तेथे मांडली होती. ते गृहीतक मागे पडले, संज्ञा मात्र दुसऱ्या विकाराच्या उपचारात रुजली.

श्रेयाबाबत एकवाक्यता नाही. फ्रुक्टोज न सोसणाऱ्या रुग्णांसाठी शेफर्ड यांनी १९९९ च्या सुमारास आहार बेतला होता, असे सांगितले जाते. विद्यापीठाच्या लेखनात गिब्सन यांच्या गटाचा उल्लेख होतो. या आहाराचा सगळा भार कोणत्या पदार्थात कोणते द्रव्य किती, या मोजणीवर आहे. ते चिकाटीचे प्रयोगशाळेतील काम जेन म्यूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यामुळे श्रेय गटाला देणे अधिक रास्त वाटते.

कार्य : फ्रुक्टान आणि गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकॅराइडे यांचे दुवे तोडणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसते, म्हणून ती सर्वांच्याच मोठ्या आतड्यात पोचतात. फ्रुक्टोज ग्लुकोजच्या सोबतीने बरे शोषले जाते, एकटे असले की मागे राहते. पॉलिऑले संथपणे शोषली जातात. मागे राहिलेले हे लहान रेणू पाणी ओढून घेतात. पुढे जिवाणू ते आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन तयार होतो. चुंबकीय अनुस्पंदन (एमआरआय) प्रतिमांत फ्रुक्टोजने लहान आतड्यातील पाणी वाढलेले आणि इन्युलिन या फ्रुक्टानने मोठ्या आतड्यातील वायू वाढलेला दिसला आहे. निरोगी माणसाच्या पोटातही हेच घडते. आयबीएसच्या रुग्णाचे आतडे ताणाला अधिक संवेदनशील असते, म्हणून त्याच ताणाची त्याला कळ होते. वाईट पदार्थ आणि चांगले पदार्थ अशी ही विभागणी नव्हे. यातली बरीच द्रव्ये एरवी आतड्यातील जिवाणूंचे पोषण करतात.

परिणामकारकता : २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत आयबीएसच्या ३० रुग्णांना प्रत्येकी २१ दिवस दोन्ही प्रकारचे जेवण तयार करून दिले गेले. १०० पैकी मोजलेली त्रासाची सरासरी नेहमीच्या आहारावर ४४.९, तर अल्प-फॉडमॅप आहारावर २२.८ भरली. पुढच्याच वर्षी आलेल्या स्वीडिश चाचणीने उत्साहाला आवर घातला. ७५ रुग्णांपैकी निम्म्यांना हा आहार आणि निम्म्यांना जुना सल्ला (वेळेवर व थोडे थोडे खाणे, तेलकट, तिखट, कॉफी कमी करणे) दिला, तेव्हा दोन्ही गटांत जवळपास निम्मे रुग्ण सुधारले. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस संस्थेने २००८ च्या मार्गदर्शिकेत २०१५ मध्ये या आहाराचा समावेश केला, तो साधे उपाय करूनही त्रास राहिल्यास आणि जाणकाराच्या देखरेखीखाली, या अटीवर. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेची २०२१ ची शिफारसही मर्यादित काळाच्या प्रयोगापुरतीच आहे.

ग्लुटेन की फ्रुक्टान : सीलिअ‍ॅक विकार नसतानाही गव्हाने पोट बिघडते अशी तक्रार करणाऱ्यांत दोष ग्लुटेन या प्रथिनाचा की फ्रुक्टान या कर्बोदकाचा, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. या वादातला मोलाचा पुरावा मोनॅशच्याच गटाने स्वतःचे आधीचे मत तपासून उभा केला. बेसिकिर्स्की आणि सहकाऱ्यांना २०११ मध्ये ३४ रुग्णांत ग्लुटेनने त्रास वाढतो असे दिसले होते. २०१३ मध्ये त्यांनी अशाच ३७ जणांना आधी अल्प-फॉडमॅप आहारावर ठेवले आणि मग कोणाला काय दिले हे न कळू देता ग्लुटेन दिले; तेव्हा ग्लुटेनचा वेगळा परिणाम दिसला नाही. नॉर्वेत २०१८ मध्ये ५९ जणांना ग्लुटेन, फ्रुक्टान किंवा यांपैकी काहीच नसलेल्या वड्या आळीपाळीने सात-सात दिवस देण्यात आल्या. सर्वाधिक त्रास फ्रुक्टानच्या आठवड्यात नोंदवला गेला. ग्लुटेनशी तुलना करता तो फरक लक्षणीय होता, रिकाम्या वडीशी तुलना करता तितका नव्हता. या रिकाम्या वडीनेही अनेकांचे पोट बिघडले, ही बाब नजरेआड करू नये: अपेक्षा आणि धास्ती यांचाही आतड्यावर परिणाम होतो. उपलब्ध पुराव्याचा कल फ्रुक्टानकडे आहे, असे म्हणणे सावधपणाचे ठरेल.

व्यवहारात याचा अर्थ मोठा आहे. चपाती सोडून ग्लुटेनमुक्त बिस्किटे आणली आणि त्यांत चिकोरीच्या मुळाचे इन्युलिन तंतू म्हणून घातलेले असले, तर गहू जाऊनही फ्रुक्टान पोटात जातच राहतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खाणे चालू असतानाच विश्वसनीय ठरते. आधी गहू सोडून नंतर तपासणीला जाणाऱ्याचा खरा विकार लपून राहू शकतो.

टप्पे : पहिला टप्पा दोन ते सहा आठवडे कडक पथ्याचा. या काळात फरक पडला नाही तर पथ्य सोडून नेहमीच्या जेवणावर परत यावे. दुसऱ्या टप्प्यात एका वेळी एकच गट चढत्या मात्रेत साधारण तीन दिवस खाऊन पाहतात: दूध लॅक्टोजसाठी, मध किंवा आंबा फ्रुक्टोजसाठी, लसूण फ्रुक्टानसाठी. बाकीचे पथ्य तोवर तसेच ठेवतात, नाहीतर त्रास कशाचा ते कळत नाही. तिसऱ्या टप्प्यात जे सोसते ते सगळे परत येते. पहिल्या टप्प्यात बरे वाटले की रुग्ण तेथेच थांबतो आणि पथ्य वर्षानुवर्षे ओढत राहतो, ही या आहाराची सर्वांत मोठी शोकांतिका आहे. चाचणीसाठी केलेली ही पद्धत जन्माचे पथ्य म्हणून कोणीच सुचवलेली नाही.

मराठी स्वयंपाकात : कांदा-लसूण वगळून रांधणे येथे अपरिचित नाही. कांदेनवमीनंतर चातुर्मासात अनेक घरे ते करतात, जैन स्वयंपाकातही हेच आहे. पण तो नियम धार्मिक आहे, त्यात हरभरा, राजमा, चवळी, वाटाणा यांना मज्जाव नाही, आणि नेमकी हीच कडधान्ये गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकॅराइडांनी भरलेली असतात. ती पाण्यात विरघळतात, म्हणून भिजवणीचे व उकडणीचे पाणी टाकल्याने कडधान्य सोसण्याजोगे होते. पुरणाची डाळ शिजवून कट काढला की त्यांचा काही भाग कटात उतरतो. पुरण त्या मानाने हलके होते आणि कटाची आमटी जड. पोळीच्या गव्हाचा हिशेब अर्थात वेगळा धरावा लागतो.

लसणाबाबत उलट गुणाचा उपयोग होतो. फ्रुक्टान पाण्यात विरघळतो, तेलात नाही. सोललेल्या पाकळ्या गरम तेलात मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतून झाऱ्याने सगळ्या काढून टाकल्या तर तेलात स्वाद उरतो आणि फ्रुक्टान पाकळीबरोबर बाहेर जातो. हे काम कढईत पाणी किंवा टोमॅटो पडण्याआधीच करावे लागते. लसूण आमटीत उकळून मागाहून वेचून काढला तर उपयोग नाही, फ्रुक्टान तोवर रसात उतरलेला असतो. असे तेल त्या वेळेपुरतेच करावे. लसूण घातलेले तेल बाहेर ठेवल्यास त्यात बोट्युलिझम या घातक विषबाधेचे जिवाणू वाढण्याचा धोका असतो. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा गड्डा नाही. हिंगाने कांदा-लसणाची उणीव बरीच भरून निघते. डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. चिमूटभर हिंगातून जाणारा फ्रुक्टान नगण्य असला, तरी सीलिअ‍ॅकच्या रुग्णाने डबीवरचे घटक वाचलेच पाहिजेत.

भात आणि ज्वारीची भाकरी हा येथील मोठाच आधार आहे. भाजणीचे थालीपीठ किती सोसेल हे तिच्यातील डाळी व गव्हाच्या प्रमाणावर ठरते. साबुदाण्याची खिचडी (साबुदाणा, बटाटा, दाण्याचे कूट, जिरे, मिरची) फॉडमॅपच्या हिशेबात बहुतांशी बसते. तेलातुपाने ज्यांचे पोट ढवळते त्यांनी मात्र ती बेताने खावी. मात्रा सर्वत्र महत्त्वाची आहे. एका पदार्थाचा लहान वाटा सोसतो, तसे चार पदार्थ एका ताटात आले की बेरीज उंबरठा ओलांडते.

दूध व ताक : बालपणानंतर लॅक्टेज विकर घटणे हीच जगातील बहुसंख्य माणसांची स्वाभाविक स्थिती आहे. ते टिकवणारा एक जनुकीय बदल फिनलंडमधील संशोधकांनी २००२ मध्ये ओळखला. भारतात त्याचे प्रमाण वायव्येकडून आग्नेयेकडे कमी होत जाते. दह्या-ताकातील जिवंत जिवाणूंचे विकर लॅक्टोज पचवायला मदत करते, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना ताक सोसते. चरकसंहितेत ग्रहणी या पचनविकाराच्या उपचारात ताकाची थोरवी सांगितली आहे. ग्रहणी म्हणजेच आयबीएस असे समीकरण काही लेखक मांडतात. ग्रहणीच्या वर्णनात आजचे अनेक वेगळे विकार मावत असल्याने ते जपून स्वीकारावे.

मर्यादा : लंडनमधील २०१२ च्या अभ्यासात चार आठवड्यांच्या पथ्यानंतर आतड्यातील बिफिडोबॅक्टेरिया हे उपयोगी जिवाणू घटलेले आढळले. कॅल्शियम व तंतू कमी पडण्याचा धोका असतो. वजन घटलेल्या, वृद्ध, गरोदर व्यक्तींनी आणि अन्नाविषयी आधीच धास्ती असलेल्यांनी हे पथ्य स्वतःहून धरू नये. मुलांबाबत तर आहारतज्ज्ञाशिवाय मुळीच नाही. रक्त पडणे, वजन उतरणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब ही लक्षणे असल्यास आधी वैद्यकीय तपासणी हवी.

पंगतीत आणि खानावळीत हे पथ्य सांभाळणे अवघड जाते, कारण बहुतेक रस्से कांदा-लसणाच्या वाटणावरच उभे असतात आणि आग्रह नाकारणाऱ्याला नखरेबाज ठरवले जाते. हा अन्याय आहे. यजमानाने साधा वरणाचा भात, वाटणाशिवायची एक भाजी आणि ताक वेगळे ठेवले, तर अशा पाहुण्याची बहुधा सोय होते. औषधी बाजूने लॅक्टोजसाठी लॅक्टेजच्या गोळ्या आणि कडधान्यांसाठी अल्फा-गॅलॅक्टोसिडेज विकर जेवणासोबत घेता येते. कांदा, लसूण व गव्हातील फ्रुक्टानवर ही दोन्ही विकरे चालत नाहीत.