गिट्टीची फळी

गेल्या उन्हाळ्यात गॅलरीत कुंड्यांसाठी एक फळी ठोकून घेतली. लाकडाची नव्हे, प्लायचीही नव्हे. रिसायकल प्लास्टिकच्या शीटची. पांढऱ्या अंगावर निळे, हिरवे, लाल ठिपके, जुन्या वाड्यातल्या मोझाइक फरशीसारखे. आठ महिने फळी छान राहिली. जानेवारीत एका सकाळी तुळशीची कुंडी उचलून परत ठेवली आणि ‘टक्’ असा आवाज होऊन फळीचा कोपराच हातात आला. भेग सरळ गेलेली नव्हती. एका लाल ठिपक्याच्या कडेने ती वळली होती, तिथून पुढच्या लाल ठिपक्याकडे, मग त्याच्या पुढच्या. निळ्या-हिरव्यांना तिने धक्काही लावला नव्हता.

असं का, हे विचारत विचारत मी बरीच मागे गेले. थेट भांडी बाजारापर्यंत.

नाशिकमध्ये ‘रिसायकल’ हा शब्द नवा असेल, व्यवहार मुळीच नवा नाही. भांडी बाजारात पितळेचं पातेलं घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारणार, “मोड आहे का?” चेपलेली, भोक पडलेली, कान तुटलेली भांडी वजनावर घालायची आणि तेवढे पैसे नव्यातून वजा करून घ्यायचे. ती मोड वितळून तिचा पुन्हा पत्रा होतो, पत्र्याचं पुन्हा भांडं. यातली खरी कारागिरी भट्टीच्या आधीची असते. भांडं बोटाने वाजवून, कडेला थोडं घासून हे तांबं, हे पितळ, हे कासं असं सांगता आलं पाहिजे. ज्याला ते सांगता येत नाही त्याच्याकडची मोड स्वस्तात जाते.

प्लास्टिकने या व्यवहाराची पंचाईत केली, कारण ते दिसतं एक आणि असतं अनेक. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत मार्च १९३३ मध्ये एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन वेगळाच प्रयोग करत होते. प्रचंड दाबाखालच्या भांड्याच्या तळाशी त्यांना पांढरा, मेणासारखा पदार्थ सापडला. ते पॉलिथिन. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिग्लरने हेच काम कमी दाबात करून दाखवलं आणि जास्त कडक, जास्त दाट पॉलिथिन मिळालं. भंगारवाले ज्याला नुसतं ‘एचडी’ म्हणतात ते हे. त्याच दशकात पॉलिप्रॉपिलीन आलं, म्हणजे ‘पीपी’. आपल्याकडे पॉलिस्टायरीनचं उत्पादन १९५७ मध्ये आणि पातळ पिशव्यांच्या ‘एलडी’चं, म्हणजे मऊ पॉलिथिनचं, १९५९ मध्ये सुरू झालं. पण कच्चा माल मुबलक व्हायला १९७८ उजाडलं, तेव्हा बडोद्याला सरकारी आयपीसीएलचा मोठा प्रकल्प चालू झाला. न्हाणीघरातलं पितळी घंगाळ जाऊन प्लास्टिकची बादली आली ती साधारण या सुमारास.

आणि बादली आली तशी ती फुटायलाही लागली. आमच्या घरात प्लास्टिकचं पहिलं ‘घरगुती काम’ म्हणजे बाबांचं बादली सांधणं. उलथनं गॅसवर लालबुंद तापवायचं, तडा वितळवून दाबायचा, वरून दुसऱ्या मोडक्या वस्तूचं ठिगळ लावायचं. घरभर मेणबत्ती विझवल्यासारखा वास. बादलीचाच तुकडा लावला तर ठिगळ टिके. जुन्या टिफिनच्या झाकणाचा लावला तर दोन दिवसांत खपलीसारखा निघून येई. बाबा म्हणायचे, झाकणाचा माल हलका. माल हलका नव्हता, वेगळा होता. एचडी आणि पीपी दोन्ही वितळतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. शेजारी शेजारी गोठतात, इतकंच. माझ्या फळीचं उत्तर त्या बादलीवरच होतं, ते मला चाळीस वर्षांनी दिसलं.

सांधण्यापलीकडे गेलेली बादली दारावर येणाऱ्या भंगारवाल्याकडे जायची आणि तिच्या बदल्यात मूठभर लसूण मिळायचा. पुढे तिचं काय होतं, असा प्रश्न तेव्हा पडला नाही. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. मालेगाव यंत्रमागांसाठी प्रसिद्ध; पण तिथला दुसरा मोठा धंदा गिट्टीचा. रस्त्यावरची खडी ती गिट्टी, त्याच अर्थाने प्लास्टिकची गिट्टी: बादल्या, टब, खुर्च्या, कॅन निवडून, फोडून, यंत्रात बारीक करून, धुऊन सुकवलेले बोटाच्या पेराएवढे तुकडे. ही गिट्टी वितळवून तिचे बारीक दाणे केले की तो ‘दाणा’. शहरातलं भंगार आणि त्याच्या जोडीला शेतातलं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद, क्रेट, शेततळ्याचं अस्तर असं प्लास्टिक पसरलेलं असतं आणि काही हंगामांनी ते सगळंच मोडीत निघतं.

त्या दाण्याचं आजवर काय झालं, तर पाइप, घमेली, दोऱ्या, कचऱ्याच्या पिशव्या. बहुतेक माल काळा. काळ्या रंगाला कारण आहे. काजळीसारखा कार्बन घातला की वेगवेगळ्या रंगांची सरमिसळ झाकली जाते आणि मालाला ऊनही कमी बाधतं. पाइपाला थोडी भेसळ चालून जाते. जाडी वाढवली की निभतं, आणि मातीखाली पुरलेला पाइप कोण निरखून बघतो? रुंद, सपाट, रंगीत शीटला अशी लपायला जागा नाही. म्हणून आपल्याकडे गिट्टी जुनी आणि फळी नवी. यंत्र नव्हतं म्हणून हे अडलं, असं मला वाटत नाही. निवडीसाठी जास्त पैसे मोजणारं गिऱ्हाईक नव्हतं.

ते गिऱ्हाईक तयार व्हायला काही अंशी कायदा कारणीभूत झाला. केंद्र सरकारने १९९९ मध्ये रिसायकल प्लास्टिकचे पहिले नियम केले. पिशवी किमान २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवी आणि रिसायकल मालाच्या पिशवीत खाण्याचं काही बांधायचं नाही, असा त्यांचा गाभा. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, तुंबलेल्या गटारांत पिशव्या सापडल्या आणि राज्याने ५० मायक्रॉनची अट आणली. मग २३ मार्च २०१८ ची महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी. तीन महिन्यांनी दंड सुरू झाला: पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि कैद. केंद्राने पिशवीची जाडी ७५ आणि नंतर १२० मायक्रॉनवर नेली, १ जुलै २०२२ पासून काही एकदा-वापराच्या वस्तूच बंद केल्या. त्याच वर्षी, आपण बाजारात आणलेल्या वेष्टनाच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारी नियमावली आली.

२०१८ च्या बंदीचा एक परिणाम घरोघर जाणवला, तो म्हणजे थर्माकोल गेलं. घरगुती हौसेच्या कामांचा खरा राजा थर्माकोलच होता. गणपतीचं मखर, शाळेचा प्रकल्प, किल्ल्याची तटबंदी. गरम तारेने कापायचं, टाचण्यांनी जोडायचं, दहा दिवसांनी फेकायचं. ते बंद झाल्यावर हौशी हात पुठ्ठ्याकडे, बांबूकडे, सनबोर्डकडे वळले आणि थोडे या ठिपक्यांच्या शीटकडेही. दुकानदाराचं म्हणणं वेगळं: “ताई, थर्माकोल पाव किलोचं असायचं, ही शीट उचलायला दोघं लागतात.” खरंच आहे. ८ बाय ४ फुटांची १२ मिलिमीटर जाडीची एचडी शीट ३४ किलोच्या आसपास भरते.

शीटची मूळ कल्पना बाहेरची. इंग्लंडमध्ये जेन ॲटफिल्डने १९९२ मध्ये शाम्पू-डिटर्जंटच्या जुन्या बाटल्यांपासून केलेल्या ठिपकेदार शीटची एक साधी खुर्ची बनवली आणि कचऱ्याचे रंग लपवायच्या ऐवजी ते मिरवले. काळ्या दाण्याच्या नेमकं उलट. नंतर २०१३ मध्ये डेव्ह हॅकन्स या डच तरुणाने ‘प्रेशस प्लास्टिक’ नावाने प्लास्टिक दळायची-वितळवायची छोटी यंत्रं केली आणि त्यांचे आराखडे सगळ्यांना फुकट खुले केले. २०२० च्या आवृत्तीत शीट दाबायचं यंत्रही आलं. त्यात आहे तरी काय? दोन सपाट जाड प्लेटा, त्यांच्या आत हीटर, खाली जॅक. मधल्या चौकटीत गिट्टी पसरायची, ती वितळेपर्यंत थांबायचं, दाबायचं आणि दाबाखालीच सावकाश थंड होऊ द्यायचं. घाई केली तर शीट पापडासारखी वळते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला हे काही अवघड नाही. अडचण यंत्राच्या अलीकडची, निवडीची.

दुधा-ज्यूसच्या कागदी खोक्यांपासूनही पाट्या करतात, पण त्यांची गोष्ट निराळी. त्या खोक्यात साधारण तीन चतुर्थांश कागद, पाचवा हिस्सा पॉलिथिन आणि थोडं ॲल्युमिनियम असतं. तुकडे करून गरम दाबले की आतलं पॉलिथिनच डिंकाचं काम करतं. वेगळं करण्याची गरजच नाही. शाळांच्या बाकांना ती पाटी चांगली, पण कागद असल्याने कडा उघडी राहिली तर पाणी पिते. गॅलरीत नकोच.

घरच्या कामाला ठिपक्यांची शीट घ्यायची तर तिच्या खोडी आधी माहीत हव्यात. मला त्या आमच्या मिस्त्रींकडे कळल्या. बारीक दातांचं पातं त्यांनी शीटवर हळू चालवलं आणि पात्याच्या मागे काप पुन्हा चिकटत गेला, साय धरावी तसा. मग मोठ्या दातांचं पातं लावून झटक्यात कापलं. खाली पडला तो भुसा नव्हे, रंगीत कुरळा कीस. तो झाडून गोणीत भरायला लावला मी त्यांना, नाहीतर पहिल्या पावसात गटारातून थेट गोदावरीत. फेविकॉल लावून पाहिला, पदरासारखा सुटून आला. पॉलिथिनला डिंक धरत नाही, रंगही धरत नाही. स्क्रूच हवेत, आणि स्क्रूची भोकं जरा सैल, कारण उन्हात ही शीट वाढते. एक मीटर लांबीला तीस अंशांच्या फरकाने चार-पाच मिलिमीटर सहज. नाशिकला मे महिन्यात पारा चाळिशीला आणि निफाडकडची थंडी सगळ्यांना माहीत. भोकं घट्ट ठेवली तर फळी फुगीर होते. शिवाय वजनाखाली ती वाकते. प्लायला दोन फुटांवर आधार पुरतो, हिला फुटाफुटावर द्यावा लागतो. पण वाळवी लागत नाही, पाण्यात फुगत नाही. बाथरूमचा कोनाडा, कुंड्यांची मांडणी, सिंकखालची पाटी यांसाठी याहून बरं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

उरली ती भेग. शहरात नव्वदच्या दशकात घंटागाडी सुरू झाली तेव्हापासून आपण ओला-सुका शिकलो, पण सुक्यातलं सुकं निवडणारे हात भंगाराच्या गोदामांतच आहेत. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने पाडला. तो माल नाहीसा थोडाच झाला, गोदामं इकडेतिकडे झाली, इतकंच. अशाच एका गोदामात मी फळीचा तुकडा घेऊन गेले. प्लास्टिकच्या वस्तूंवर १ ते ७ आकड्यांचं त्रिकोणी चिन्ह असतं, अमेरिकेतल्या उद्योगसंघटनेने १९८८ मध्ये काढलेलं; २ म्हणजे एचडी, ५ म्हणजे पीपी. त्याबद्दल मी काही बोलणार, तोवर निवडायला बसलेल्या मावशींनी तुकडा ओढून घेतला.

“फुटलेल्याला नंबर कुठून आला, ताई?”

त्यांनी तो आधी जमिनीवर आपटून आवाज ऐकला. मला वाटलं आता पाण्यात टाकतील. त्या म्हणाल्या, पाण्याने नाही कळायचं, दोन्ही तरंगतात. बुडतं ते पीव्हीसी नाहीतर पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. मग अंगठ्याचं नख निळ्या ठिपक्यावर ओढलं. पांढरट ओरखडा उठला. लाल ठिपक्यावर ओढलं, नख घसरून गेलं.

“निळं एचडी. हे लाल पीपी, बाटलीचं बूच असणार. बुचं दोन्ही जातीची येतात, आणि घाईत कोण बघतं?”

तुकड्याचा भाव विचारला. मिसळलेला माल, म्हणून निम्माच म्हणाल्या, आणि काळ्या पाइपाच्या ढिगाकडे भिरकावून दिला.