गोळ्यांच्या पाकिटातले ते सात दिवस

गर्भनिरोधक गोळ्यांचे २१ दिवसांचे पाकीट संपले की सात दिवस गोळ्यांना खंड असतो, आणि त्यात दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. गोळ्या घेणारी म्हणते ‘पाळी आली’, डॉक्टरही ‘पाळी वेळेवर येते ना?’ असेच विचारतात. घोळ या एका शब्दात आहे. खरी पाळी येते ती स्त्रीबीज बाहेर पडून गर्भ राहिला नाही की, बीजकोशातून येणारी संप्रेरके आपोआप ओसरतात म्हणून. संयुक्त गोळी (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन्ही संप्रेरके असलेली) चालू असताना मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे इशारे दबलेले असतात, स्त्रीबीज पिकून बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाचे अस्तरही पातळच राहते. पाकीट संपल्यावर रक्त येते, कारण बाहेरून मिळणारी संप्रेरके अचानक बंद होतात. डॉक्टरी भाषेत हे ‘विथड्रॉवल ब्लीडिंग’. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही, म्हणून ‘पाळी’च चिकटली.

हा सात दिवसांचा खंड आला कुठून? प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने सशांमध्ये बीजमोचन, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडणे, थांबते हे १९३० च्या दशकातच दिसले होते. पुढे मेक्सिकोतल्या रानटी कंदांपासून हे संप्रेरक स्वस्तात बनू लागले आणि १९५१ साली तिथेच तोंडावाटे घेता येईल असे त्याचे कृत्रिम रूप तयार झाले. खरा निर्णय झाला तो त्यानंतर, बॉस्टनमध्ये.

तिथले एक स्त्रीरोगतज्ज्ञ मूल होत नसलेल्या स्त्रियांना सलग काही महिने संप्रेरके देत होते. बीजकोशांना विश्रांती मिळाली की नंतर गर्भ राहील, ही त्यामागची कल्पना. पाळी थांबली, मळमळ सुरू झाली, स्तन दुखू लागले आणि त्या स्त्रियांना वाटले, दिवस राहिले. वर्षानुवर्षे मुलाची वाट पाहणाऱ्या बाईला ‘हे औषधाने झाले आहे’ असे सांगावे लागणे किती कठीण असेल! मग औषध २० दिवस द्यायचे आणि थांबवायचे असे ठरले. रक्तस्राव होऊ लागला, भ्रम टळला. गर्भनिरोधक गोळीने हेच वेळापत्रक उचलले. घरबसल्या गर्भचाचणीची सोय नसलेल्या त्या काळात दर महिन्याचे रक्त हाच गर्भ नसल्याचा दिलासा होता.

पोपची मर्जी राखण्यासाठी हा खंड ठेवला, अशी गोष्ट २०१९ च्या सुमारास फार फिरली. बॉस्टनचे ते तज्ज्ञ श्रद्धाळू कॅथलिक होते आणि ही गोळी निसर्गाच्याच वाटेने जाते, असे त्यांनी पुढे जाहीरपणे मांडले, हे खरे. चर्चने १९६८ साली तो युक्तिवाद फेटाळला. पण वेळापत्रक ठरले होते १९५० च्या दशकाच्या मध्यावर, दवाखान्यातल्या अडचणीतून.

इस्ट्रोजेनची गोष्टही अशीच रक्तस्रावाशी जोडलेली. सुरुवातीच्या गोळ्यांमध्ये ते भेसळीसारखे चुकून आले होते. काढून टाकल्यावर अधूनमधून रक्त जाऊ लागले, म्हणून ते मुद्दाम पुन्हा घातले गेले. १९५६ पासून पोर्तो रिकोत मोठ्या चाचण्या झाल्या. मळमळ, चक्कर, डोकेदुखी अशा तक्रारी तिथल्या प्रमुख डॉक्टर बाईंनी स्पष्ट कळवल्या होत्या. त्या बाजूला सारल्या गेल्या, हे या इतिहासातले सर्वांत खुपणारे पान. अमेरिकेत १९५७ साली ही गोळी पाळीच्या तक्रारींसाठी आणि १९६० साली गर्भनिरोधनासाठी मंजूर झाली. एका गोळीत सुमारे १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होते. पुढच्याच वर्षी रक्ताच्या गुठळीची पहिली नोंद आली. १९७० च्या सुमारास प्रमाण ५० पर्यंत खाली आले; आजच्या बहुतेक गोळ्यांत ते २० ते ३५ असते.

मात्रा घटली तरी सात दिवसांचा खंड तसाच राहिला, आणि इथे तो नडतो. कमी मात्रेच्या गोळीने दबलेले बीजकोश त्या सात दिवसांत जागे होऊ लागतात, काहींमध्ये बीजपुटके (स्त्रीबीज असलेल्या बारीक पिशव्या) वाढूही लागतात. म्हणून नंतर २४ दिवस गोळ्या आणि ४ दिवस खंड अशी पाकिटे आली. अमेरिकेत २००३ साली ८४ दिवस सलग घेण्याच्या गोळीला परवानगी मिळाली. सात दिवसांच्या खंडाने आरोग्याला काही फायदा होत नाही, असे ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांनी २०१९ साली लिहून टाकले. ‘रक्त आत साठून राहील’ ही भीती निराधार आहे. अस्तर जाड झालेलेच नसते, तर साठणार काय? सलग घेताना पहिले काही महिने डाग पडतात, तेवढे मात्र खरे. फक्त प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम संप्रेरक) असलेल्या गोळ्यांची तऱ्हा वेगळी. त्यातल्या जुन्या गोळ्या मुख्यतः गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट करतात, त्यामुळे अनेकींमध्ये बीजमोचन चालूच राहते.

खंड ठेवणाऱ्यांनी निदान एवढे पाहावे: संयुक्त गोळीच्या नव्या पाकिटातल्या पहिल्या गोळ्या चुकल्या तर धोका सर्वांत जास्त. तेव्हा सात दिवसांचे आठ-नऊ दिवस होतात आणि बीजकोशांना तेवढी सवड पुरते.