शेतवाटेचा दावा कुणापुढे? तहसील की दिवाणी न्यायालय

सोलापूर जिल्ह्यात महसुली आणि दिवाणी अधिकारांची सरमिसळ जुनी आहे. 1879 मध्ये सावकारी कर्जाच्या दाव्यांसाठी खास कायदा झाला, तो ज्या चार जिल्ह्यांसाठी होता त्यात पुणे, सातारा आणि अहमदनगरबरोबर सोलापूरही होते. मामलेदार, म्हणजे आजचे तहसीलदार, यांच्या कोर्टाचा 1876 चा कायदा त्याआधीचा. तो जाऊन 1906 चा आला आणि आजही तोच लागू आहे. अक्कलकोट मात्र 1948 पर्यंत संस्थान होते, तिथला कारभार वेगळा.

आजचा खरा घोळ 1966 च्या जमीन महसूल संहितेपासून सुरू होतो. 1906 च्या कायद्याचे कलम 5 आणि संहितेचे कलम 143 ही दोन्ही तहसीलदारच चालवतात, म्हणून अर्जदार दोन्ही कलमे एकाच अर्जात घालतात. हे दोन वेगळे दावे आहेत. कलम 5 चालू वहिवाटीच्या वाटेसाठी आहे. शेजाऱ्याने वाट नांगरली किंवा काटे टाकून अडवली, तर अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. कलम 143 मध्ये वाट आधीपासून असण्याची गरज नाही. शेतात जायला वाजवी रस्ता लागतो का, एवढेच पाहायचे. पण ही वाट दुसऱ्या सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरूनच देता येते. रान मधोमध चिरून रस्ता देणारा आदेश वरच्या पायरीवर टिकत नाही. अर्जात 'पूर्वापार वाट अडवली' आणि 'नवीन रस्ता द्यावा' हे दोन्ही असेल, तर पंचनामा नेमका कशाचा करायचा? असा अर्ज दुरुस्तीसाठी पहिल्याच दिवशी परत द्यायला हवा. तो तसाच चालवला की ऊस तोडणीला येतो, ट्रॅक्टर बांधाबाहेर उभा राहतो आणि प्रकरण फेरचौकशीला परत येते.

पुढची वाटही वेगळी. कलम 5 च्या निर्णयावर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण, म्हणजे निर्णयाची फेरतपासणी, आहे. आणि दिवाणी न्यायालयाचा हुकूम होईपर्यंत तो निर्णय पाळावा लागतो. कलम 143 चा निर्णय मान्य नसेल तर तहसीलदाराच्या निर्णयापासून 1 वर्षात दिवाणी दावा लावता येतो, आणि दावा लावला की अपील व पुनरीक्षण दोन्ही बंद. इथेच लोक फसतात: प्रांताकडच्या (उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या) अपिलात तारखा पडत राहतात आणि वर्ष सरते. वकिलाने वर्ष संपण्याची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

2025 च्या शासन निर्णयाने शेतरस्त्याची नोंद 7/12 च्या 'इतर हक्क' रकान्यात घेण्यास सांगितले. नोंदीमुळे वाट कुठे आहे हा वाद कमी होईल, पण दोन कलमांतला फरक तसाच राहतो. सोलापुरातल्या तहसीलदारांच्या अशा आदेशांविरुद्धच्या उच्च न्यायालयातल्या रिट याचिका 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबईऐवजी त्याच न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात.